पुरुलियाची रेषा

माझ्या सुनेने जमिनीखाली एक रेषा शोधून काढली होती, आणि ती रेषा खोटी आहे हे तिला सांगायचं काम माझ्या वाट्याला आलं. दुसरं कोणी असतं तर मी तोंडावर सांगितलं असतं. आयुष्यभर तेच केलं. कोलकात्याच्या आमच्या संस्थेत भूकंपशास्त्राच्या विभागात मला माझ्यामागे सगळे ‘कस्टमवाले’ म्हणायचे, कारण कोणाचाही शोधनिबंध माझ्या टेबलावर पिशव्या उघडून दाखवल्याशिवाय पुढे जात नसे. पोरं रडायची. मी म्हणायचो, आत्ता माझ्यापुढे रडा, उद्या जगापुढे रडण्यापेक्षा बरं.

पण सुदेष्णाची गोष्ट वेगळी होती. माझा मुलगा उन्मेष गेल्यावर त्या मुलीकडे तेवढी एक रेषा उरली होती.

आम्ही मूळचे सांगलीचे. विजया रेल्वेत अकाउंट्सला होती, तिची बदली गार्डन रीचला झाली, आणि लोकांच्या बायका नवऱ्यामागून येतात तसा मी बायकोमागून कोलकात्याला आलो. उन्मेष तेव्हा कडेवर होता. तो बंगाली बोलतच मोठा झाला. मराठी त्याला यायची, पण ती पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशांसारखी, जपून वापरलेली. पुढे सेक्टर फाइव्हमध्ये आयटीत लागला. सुदेष्णा माझी विद्यार्थिनी, बराकपूरची. या दोघांचं माझ्या नाकाखाली जुळलं आणि मला लग्नाची बोलणी सुरू होईपर्यंत पत्ता नव्हता. विजया तेव्हा म्हणाली, “जमिनीखाली दोनशे किलोमीटरवर काय चाललंय ते तुम्हाला कळतं, आणि घरात काय चाललंय ते शेजारच्या घोषबाबूंकडून कळतं.” खरंच होतं ते.

आमचं काम सांगायला सोपं आहे. लांब कुठेतरी, जपानात नाहीतर फिजीत, मोठा भूकंप होतो. त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून आपल्याकडे येतात. वाटेत एखादा असा खडक लागतो की जो अब्जावधी वर्षांपूर्वी कधीतरी ओढला गेला, दाबला गेला. त्याच्या कणाकणाला त्या ओढीची दिशा लागलेली असते, लाकडाला रेघ असते तशी. रेघेच्या बाजूने हलणारी लाट लवकर पोचते, आडवी हलणारी मागे राहते, आणि एका लाटेच्या दोन होतात. कोणती आधी आली ते बघून सांगता येतं की हा खडक एके काळी कोणत्या बाजूला ताणला गेला होता. ज्याने ताणलं ते केव्हाच संपलेलं असतं. वरचे डोंगर झिजून सपाट झालेले असतात. खालची रेघ मात्र राहते.

पुरुलियाच्या पठारावर आमच्या संस्थेने दोन हिवाळ्यांत मोजणीची ठाणी बसवली. पश्चिमेची बाजू केदारकडे होती, हा पुण्याचा मुलगा, कामाला चोख. पूर्वेची बाजू सुदेष्णाकडे. ठाणं म्हणजे काही फार नसतं. एखाद्या शाळेच्या नाहीतर आश्रमाच्या आवारात खड्डा खणायचा, तळाला सिमेंटचा ओटा करायचा, त्यावर होकायंत्राने उत्तर-दक्षिण रेघ आखायची आणि यंत्र त्या रेघेला लावून बसवायचं. महागडं उपकरण असतं उत्तर शोधायला, पण आमचं त्या काळात दुरुस्तीला गेलं होतं, आणि आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच येते, त्यामुळे कोणाला चिंता वाटली नाही. त्या रेघेवर सगळं उभं असतं. ती चुकली की लाटेची दिशा चुकली, आणि दिशा चुकली की खडकाचा इतिहास चुकला.

शनिवार-रविवार उन्मेष तिच्याबरोबर जायचा. गाडी चालवायचा आणि खड्डे खणायचा. दिवसभर एसीत बसणारा माझा मुलगा हाताला फोड आणून सोमवारी कामावर जायचा आणि ते फोड लोकांना दाखवायचा.

मग नकाशा तयार झाला. केदारच्या सगळ्या ठाण्यांखाली खडकाची रेघ एका दिशेला, आणि सुदेष्णाच्या ठाण्यांखाली ती सतरा अंशांनी फिरलेली. दोहोंच्या मधून एक रेषा जात होती. अशा रेषेचा अर्थ मोठा असतो. दोन वेगळ्या भूमी कधीकाळी तिथे येऊन एकमेकींना चिकटल्या, तो सांधा. सुदेष्णाने तो नकाशा घरी आणून जेवणाच्या टेबलावर पसरला तेव्हा उन्मेषने वाट्या उचलून जागा केली. त्याने त्याचा फोटो काढून फोनवर लावला. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, सियालदहला चहावाल्यालासुद्धा दाखवला म्हणे. म्हणायचा, “शोधली हिने, पण खणली मी.”

त्याच वर्षी दुर्गापूजेचे मांडव उतरत होते तेव्हा त्याला ताप आला. डेंग्यू. कालीपूजेचे दिवे लागायच्या आत तो गेला. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

आता त्या कड्याबद्दल सांगायला हवं. बंगाल्यांत लग्नात सासूने सुनेच्या डाव्या हातात लोखंडाचं कडं घालायचं असतं, त्याला नोआ म्हणतात. नवऱ्याच्या आयुष्यासाठी. वरून सोन्याने मढवतात, त्यामुळे बघणाऱ्याला सोन्याचंच वाटतं. आपल्यात असलं काही नाही, सासू मंगळसूत्राचं बघते. सुदेष्णाच्या आईने फार संकोचत विजयाला विचारलं, तुम्ही घालाल का. विजया लगेच बहूबाजारला गेली, मला पिशवी धरायला घेऊन. सोनाराने नेहमीची नोआ दाखवली, तारेएवढी बारीक. विजयाने ती दोन बोटांत धरली आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, “हे काय? हे तर उद्या मोडेल.” मग सोनाराला हिंदीत सांगून चांगलं ठसठशीत करून घेतलं, आत जाड लोखंड, वर सोनं. सोनार हसत होता. एवढं जाड कोणी घालत नाही, म्हणाला. विजया म्हणाली, “आमच्याकडे द्यायचं तर नीट देतात.”

सुदेष्णा काही देवाधर्माची मुलगी नव्हे. शंखाच्या पांढऱ्या आणि पोवळ्याच्या लाल बांगड्या तिने पहिल्याच फील्डला काढून ठेवल्या, फुटतात म्हणून. ते कडं मात्र कधी काढलं नाही. “आईंनी केली आहे,” म्हणायची. तिच्या मराठीत लिंगाचा कायम गोंधळ असतो आणि उन्मेषने तो कधी सुधारू दिला नाही, त्याला तो आवडायचा.

उन्मेष गेल्यावर तेराव्याच्या आधी तिची एक मावशी आली, हातातलं उतरवायला. रीतच आहे ती, त्या बाईंचा दोष नव्हता. विजया खोलीच्या दारात उभी राहिली. तीन दिवस ती एक शब्द बोललेली नव्हती. म्हणाली, “ते मी घातलंय. ते कोणी काढायचं नाही.” मराठीतच बोलली, पण मावशींना समजलं. तेव्हापासून सुदेष्णाच्या हातात तेवढंच राहिलं, आणि मी बघत आलोय, जेवताना विजयाची नजर तिच्या ताटाकडे नसते, त्या हाताकडे असते. आपल्या मुलाच्या आयुष्यासाठी म्हणून घातलेली वस्तू अजून जागेवर आहे, एवढाच तिचा आधार. त्याला शास्त्र नाही हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

सुदेष्णा आमच्याजवळच राहिली. बराकपूरला, विजयाच्या निवृत्तीनंतर घेतलेल्या आमच्या फ्लॅटमध्ये. फरक एवढाच पडला की पूर्वी मी तिला संस्थेत ‘सर’ होतो आणि घरी ‘बाबा’. आता घरीही ‘सर’ झालो. ‘बाबा’ हा शब्द तिने उन्मेषकडून घेतला होता. लागायचं मला ते.

वर्षभराने तिने निबंध लिहून पुरा केला. शेवटी आभारात एकच ओळ घातली होती, सगळे खड्डे खणणाऱ्या उन्मेषचे. जानेवारीत माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “सर, नेहमीसारखं तपासा. माझी म्हणून सोडू नका.”

मी सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं झालं असतं, असं नंतरच्या दिवसांत मला कितीदा वाटलं.

यंत्र सरळ बसलंय का हे बघायची एक साधी रीत आहे. भूकंप कुठे झाला ते ठाऊक असतं. त्याची पहिली लाट त्या बाजूने येते आणि जमीन त्याच दिशेने मागेपुढे ढकलते. फिजीचा भूकंप फिजीकडूनच यायला हवा. यंत्र म्हणालं की तो बाजूने कुठून तरी आला, तर फिजी हललेलं नसतं, यंत्र वाकडं असतं. ही तपासणी खरं तर पहिल्याच महिन्यात व्हायची, पण आधी ठाणी बसवायची घाई, मग नकाशाचा आनंद, आणि पुढे आमच्या घरात कोणालाच कशाचं भान नव्हतं. आता मी एकेक भूकंप काढत बसलो. केदारची ठाणी सरळ. सुदेष्णाचं पहिलं ठाणं सतरा अंश वाकडं. दुसरं सतरा, तिसरं सतरा, पुढची सगळी तशीच. बागमुंडीचं एक ठाणं तेवढं सरळ होतं, ज्याला तिने निबंधात ‘स्थानिक अपवाद’ म्हटलं होतं.

खडक कुठे फिरलाच नव्हता. फिरली होती यंत्रं. दोन भूमींचा सांधा म्हणून जी रेषा आम्ही टेबलावर पसरून बघितली, ती जिथे केदारचं काम संपत होतं आणि सुदेष्णाचं सुरू होत होतं, तिथून जात होती. बाकी काही नाही.

केदारला मी गोलगोल विचारलं. तो म्हणाला, “सर, आमचं होकायंत्र एकच होतं, आलटून पालटून नेत होतो. सुदेष्णादी तर माझ्यापेक्षा काटेकोर आहेत, दोनदा बघतात.” मग एकाच होकायंत्राची उत्तर दोघांच्या हातात वेगळी का, हे मला सुटेना. माणूस चुकतो तेव्हा इकडे तिकडे चुकतो. दर वेळी नेमका तेवढाच आणि त्याच बाजूला चुकत नाही. मी शाळांच्या आवारातल्या हापशांचा विचार केला, सिमेंटमधल्या सळयांचा केला, गाडी कुठे उभी असेल त्याचा केला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

एका सकाळी सुदेष्णा फ्रिजमधून दूध काढत होती. दारावर उन्मेषने दार्जिलिंगहून आणलेलं एक चुंबक आहे, छोटी आगगाडी. दार जोरात लागलं आणि ते निसटलं. तिने डाव्या हाताने ते वरच्या वर झेललं, आणि ती आगगाडी तिच्या कड्याला जाऊन टक् करून चिकटली. तिने सवयीने ओढून काढली आणि पुन्हा दारावर लावली. तिच्या लक्षातही आलं नाही. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

होकायंत्र लाकडी पट्टीवर ठेवून पट्टी डाव्या हाताने धरायची आणि उजव्या हाताने रेघ ओढायची, ही पद्धत मीच तिला शिकवली होती. दर वेळी दक्षिणेला बसून, उत्तरेला तोंड करून, सुईपासून वीतभरावर तिचं मनगट. फील्डला जाताना चाव्या, चाकू, मोबाइल, सगळं लांब ठेवायला मी शिकवतो. सोन्याचे दागिने काढा असं कोणी शिकवत नाही, सोन्याने सुई हलत नाही. आणि बागमुंडीचं ठाणं तिने लग्नाच्या आधी बसवलं होतं. हाताच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. आम्ही तर फिजीपासून जपानपर्यंत सगळी पृथ्वी आरशासारखी धरली होती.

मी दोन दिवस गप्प बसलो. मला सरळ दिसत होतं की कारण न सांगताही चालण्यासारखं आहे. यंत्रं वाकडी बसली होती, एवढं म्हणून सतरा अंश वजा करायचे आणि सोडून द्यायचं. रेषा जायचीच होती, कडं तरी राहिलं असतं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाची एक खोटी पावली चालू दिली नाही, तो मी, माझ्या घरासाठी ही पळवाट शोधत होतो, आणि मला तिची लाज वाटत नव्हती.

शनिवारी न्याहारी झाल्यावर मी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला आणि तेवढंच सांगितलं. तुझी यंत्रं वाकडी आहेत, सतरा अंश, आकडे दुरुस्त कर.

ती बराच वेळ एकेक भूकंप बघत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. चांगला संशोधक वाईट बातमी अशीच वाचतो, मला त्या क्षणीही तिचा अभिमान वाटला.

“सगळ्या ठिकाणी?” तिने विचारलं.

“एक सोडून.”

“बागमुंडी.” तिने यादीत ते ठाणं शोधलं. “बागमुंडी लग्नाच्या आधीची आहे.”

तिने डावा हात टेबलावर ठेवला होता. तिने त्याच्याकडे बघितलं, मग फ्रिजच्या दाराकडे बघितलं, आणि पुन्हा हाताकडे. तिला सांगावं लागलं नाही. मीच शिकवलेली होती.

“सर, तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“मग सांगितलं का नाही?”

“कारण लिहायची गरज नाही,” मी म्हणालो. “नुसती दुरुस्ती पुरते.”

“तुम्ही मला हे नाही शिकवलं.” ती मान खाली घालून म्हणाली. “दोन ठाण्यांच्या बॅटऱ्या चोरीला गेल्या होत्या. तिथे भूकंप फार थोडे मिळाले, त्यातून कोन नीट नाही निघत. हे कडं किती फिरवते ते मोजायलाच लागेल. आणि पुढच्या आठवड्यात मला बांकुराला नवीन ठाणी लावायला जायचं आहे.” मग मराठी सोडून, हलक्या आवाजात बंगालीत म्हणाली, “म्हणजे रेषा नाही.”

“नाही.”

“खडक सगळा एकच आहे.”

“एकच आहे.”

“त्याने सगळ्यांना सांगितलं होतं,” ती म्हणाली, आणि तेव्हा तिला रडू आलं. माझ्या टेबलापुढे इतकी पोरं रडली, मी कधी जागचा उठलो नाही. त्या दिवशी उठलो, पण तिच्याजवळ जाऊन काय करायचं ते मला येत नव्हतं. नुसता उभा राहिलो.

विजया स्वयंपाकघराच्या दारात होती. कधीपासून होती कोण जाणे. “काय मोजायचंय?” तिने विचारलं.

मी तिला सांगितलं. सोपं करून सांगितलं, पण तिच्यापासून काही लपवलं नाही. आता लपवायचं तरी काय होतं. होकायंत्र एकदा कडं घालून बघायचं, एकदा कडं काढून. ती ऐकत होती आणि ओल्या हातांनी पदर चुरगळत होती.

“थोडाच वेळ ना?”

“थोडाच वेळ,” मी म्हणालो.

“आणि पुढे? तिकडे कामाला गेली की?”

याचं उत्तर सुदेष्णाने दिलं. “तिथे नाही घालू शकणार, आई.”

विजया आत गेली. नळ चालू केल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो तसाच वाहत राहिला. मग बाहेर आली आणि म्हणाली, “मी घातलंय, तर मीच काढीन. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.”

घरात मोजता येत नाही, भिंतीत आणि स्लॅबमध्ये लोखंडी सळया असतात. रविवारी सकाळी आम्ही तिघं गंगेकाठच्या मैदानावर गेलो. कॅन्टोन्मेंटच्या कडेला मोठी मोकळी जागा आहे, कुंपणापासून आणि बाकांपासून लांब. धुकं अजून पुरतं गेलं नव्हतं. मी सगळ्यांचे मोबाइल आणि चाव्या एका पिशवीत घालून झाडाखाली ठेवल्या. विजयाच्या बांगड्यांना सेफ्टीपिना अडकवलेल्या असतात, त्याही काढायला लावल्या. ती निमूटपणे एकेक पिन काढून देत होती. एरवी तिने मला चार शब्द सुनावले असते.

सुदेष्णा गवतावर गुडघे टेकून बसली, दक्षिणेला, उत्तरेला तोंड करून. तिने कागद पसरला, त्यावर पट्टी ठेवली, पट्टीवर होकायंत्र. डाव्या हाताने पट्टी धरली. सुई थरथरली आणि थांबली, एवढ्या आत्मविश्वासाने की कोणीही तिच्यावर विश्वास ठेवला असता. तिने पेन्सिलीने रेघ ओढली. मग पट्टी सोडली आणि हात वर केला.

कडं निघेना. लग्नात सहज गेलं होतं, आता अंगठ्याच्या हाडाशी अडकत होतं. विजयाने कमरेला खोचलेली खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली. ती घरून घेऊनच आली होती. तिने सुदेष्णाच्या हाताला तेल लावलं, न्हाऊ घालताना लावतात तसं, सावकाश, बोटाबोटाला, आणि हळूहळू फिरवत ते कडं काढलं. मनगटावर एक फिकट वळं राहिलं. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

“आता लांब ने ते,” मी विजयाला म्हणालो.

“किती?”

“जा, मी सांगतो.”

सुदेष्णाने पुन्हा पट्टी धरली. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. विजया मूठ छातीशी धरून पाठमोरी चालू लागली. ती दोन-तीन पावलं गेली असेल तोवर सुई हळूहळू फिरली आणि एका जागी येऊन स्थिर झाली. तीच खरी उत्तर. पहिल्या रेघेपासून चांगली लांब. सुदेष्णाने दुसरी रेघ ओढली. कोन मोजला. म्हणाली, “सतरा.”

विजया चालतच होती. मी सांगेन म्हणालो होतो, आणि मी सांगितलं नव्हतं, म्हणून ती जात होती. सुई केव्हाच थांबली होती. मला बास म्हणायचं होतं, पण मी तिच्या पाठीकडे बघतच राहिलो. माझी बायको माझ्या मुलाचं आयुष्य मुठीत धरून धुक्यात लांब लांब जात होती, आणि तिला वाटत होतं की अजून पुरेसं लांब झालेलं नाही. ती घाटाच्या पायऱ्यांपर्यंत पोचली. मला भीती वाटली की आता ती ते पाण्यात टाकेल.

“बाबा,” सुदेष्णा म्हणाली, “आईंना हाक मारा ना.”

मी हाक मारली. कशीबशी मारली. विजया वळली आणि आली तशी परत चालत आली. जवळ येता येता थांबली, होकायंत्राच्या भीतीने. “झालं? येऊ?”

“ये.”

“किती निघाला फरक?”

“सतरा अंश.”

“हे पुष्कळ झालं?”

“पुष्कळच झालं,” मी म्हणालो.

“बारीक केलं असतं तर?”

खोटं बोलायला हवं होतं का मला कळत नाही. “तर कमी झाला असता. कदाचित कळलंही नसतं.”

“मोडू नये म्हणून जाड केलं होतं मी,” विजया म्हणाली. “सोनार नको म्हणत होता. मोडू नये म्हणून केलं होतं.” मग ती तिथेच गवतावर बसली आणि रडली. उन्मेष गेल्यानंतर ती आमच्यापुढे रडली नव्हती. सुदेष्णा उठून तिच्याजवळ गेली आणि दोघी बसून राहिल्या. मी कागद उडू नये म्हणून त्यावर हात ठेवून बसलो. दोन रेघा होत्या त्याच्यावर, खाली एका टोकाला जुळलेल्या आणि वर फाकत गेलेल्या.

धुकं गेलं, मैदानावर मुलं क्रिकेट खेळायला आली, तेव्हा आम्ही उठलो. सुदेष्णाने डावा हात विजयापुढे केला. तेल अजून चमकत होतं. विजयाने त्या हाताकडे बघितलं, मुठीतल्या कड्याकडे बघितलं.

“बांकुराला कधी जायचंय तुला?”

“मंगळवारी.”

“मग राहू दे माझ्याकडे,” विजया म्हणाली. तिने तो हात आपल्या हातात घेतला, पदराने तेल पुसलं, आणि सोडला. आल्यावर घाल, असं ती म्हणेल म्हणून मी वाट बघितली. ती म्हणाली नाही, आणि सुदेष्णानेही विचारलं नाही.

आम्ही घराकडे निघालो. होकायंत्र माझ्या खिशात होतं. विजया माझ्यापासून चार हात लांबून चालत होती, कडं धरलेली मूठ पलीकडच्या बाजूला करून. मी म्हणालो, “अगं, आता मोजायचं नाहीये काही. जवळ आलीस तरी चालेल.”

“नको,” ती म्हणाली. “उगाच परत काही चुकायला नको.”

मी होकायंत्र सुदेष्णाकडे दिलं आणि विजयाच्या बाजूने जाऊन चालू लागलो.